आधी सांगाडा, मग गाडी

गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतलं की बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त, हे वर्तुळ लहान आहे की मोठं यावर मुळीच अवलंबून नसतं. ते ठरतं फक्त डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावरून. हे अंतर १२ सेंटिमीटर असलेली छोटी गाडी घेतली, तर फरक सुमारे ७५ सेंटिमीटर येतो. चाकाचा व्यास ६२ मिलिमीटर असेल, तर बाहेरचं चाक एका वर्तुळात जवळजवळ चार फेऱ्या जास्त मारतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतील तर या चार फेऱ्यांना वावच राहत नाही. मग एखादं चाक रस्त्यावर घासत जातं, नाहीतर गाडी वळायलाच कुरकुर करते.

यावरचा तोडगा म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९८० मध्ये ८८६० क्रमांकाचा मोटारीच्या चासीचा संच काढला, त्यात हेच यंत्र प्लास्टिकमध्ये आलं: एक दातेरी पिंजरा आणि त्याच्या आत तिरप्या दातांचे छोटे गिअर. गाडी उचलून धरायची, मागचं एक चाक बोटांनी रोखायचं आणि इंजिनाकडचा दांडा फिरवायचा. मोकळं चाक पिंजऱ्याच्या दुप्पट वेगाने फिरू लागतं. आता दांडा धरून ठेवायचा आणि एक चाक पुढे फिरवायचं. दुसरं तेवढंच मागे जातं. पिंजरा उघडा असल्यामुळे आतला गिअर कसा गडगडतो ते डोळ्यांना दिसतं. पुस्तकातली आकृती समजून घ्यायला तास लागतो. इथे दहा वर्षांच्या पोरालाही दोन मिनिटं पुरतात, आणि हाताला कळलेली गोष्ट सहसा विसरत नाही.

लेगोच्या ‘टेक्निक’ शाखेतले भाग घेऊन चालत्या यंत्रणेची वाहनं आखायची आणि बांधायची, हा आज जगभर पसरलेला छंद आहे. ट्रक, ट्रॅक्टर, क्रेन, जेसीबी, शर्यतीच्या गाड्या, सगळं त्यात येतं. हुबेहूब दिसणारी मॉडेलं लाकडाची, पुठ्ठ्याची, धातूचीही होतात आणि त्यांतलं कौशल्य मोठं असतं. इथली मागणी मात्र वेगळी आहे. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळली पाहिजेत, गाडी ढकलली की पिस्टन वरखाली झाले पाहिजेत, गिअर बदलला की त्यांची गती बदलली पाहिजे. त्यामुळे इथलं आरेखन आतून सुरू होऊन बाहेर येतं. सांगाडा आणि यंत्रणा आधी. बॉनेट, दारं, टप हे नंतर, उरलेल्या जागेत. या छंदाची गोडी आणि त्यातलं शिक्षण दोन्ही या क्रमात आहे. ज्याने क्रम उलटा केला, देखणं खोकं आधी उभारलं आणि मग त्यात गिअरबॉक्स कोंबायला घेतला, त्याला ते खोकं बहुधा मोडावंच लागतं.

भोकांच्या पट्ट्यांपासून यंत्रं जोडण्याची कल्पना लेगोच्याही आधीची. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि १९०७ पासून तो संच ‘मेकॅनो’ नावाने ओळखला जाऊ लागला. धातूच्या पट्ट्या, दर अर्ध्या इंचावर एक भोक, आणि नट-बोल्ट. आपल्याकडे ‘मेकॅनिक्स’ नावाने मिळणारे पत्र्याच्या पट्ट्यांचे संच त्याच कुळातले. मेकॅनोची झेप खेळण्यापुरती नव्हती: १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून अवकल समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं होतं.

लेगोची सुरुवात सुतारकामातून झाली. बिलुंड गावातले सुतार ओले कीर्क क्रिस्टियानसन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. त्यांचे चिरंजीव गोटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी एकमेकांना घट्ट धरणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. घट्ट धरणं ही त्या ठोकळ्याची ताकद, पण यंत्राला काहीतरी फिरतंही लागतं. १९७७ मध्ये आलेल्या नव्या मालिकेने, म्हणजे पुढच्या ‘टेक्निक’ने, ते पुरवलं. ठोकळ्यांच्या कुशीला गोल भोकं आली, त्यांत बसणाऱ्या खुंट्या आल्या, गिअर आले आणि अधिकच्या चिन्हासारख्या छेदाच्या दांड्या आल्या. या दांडीचा छेदच सगळी करामत करतो. गोल भोकात ती मोकळी फिरते, तशाच अधिकच्या आकाराच्या भोकात अडकून बसते. म्हणजे एकच दांडी पट्टीत बेअरिंगवर असल्यासारखी फिरते आणि गिअरला मात्र पक्की धरून स्वतःबरोबर फिरवते. ना नट, ना बोल्ट, ना स्क्रू-ड्रायव्हर.

त्या पहिल्या वर्षी फोर्कलिफ्ट, ट्रॅक्टर, हेलिकॉप्टर आणि मोटारीची चासी असे संच आले. चासीच्या संचाचा क्रमांक ८५३, भाग ६०१. त्याला बॉडी नव्हतीच. चार सिलिंडरचं इंजिन, दोन गतींचा गिअरबॉक्स, रॅक-पिनियनचं स्टिअरिंग, पुढे-मागे सरकणाऱ्या सीट, आणि सगळं उघडं. मुलांच्या खेळण्याला चकचकीत रंग आणि आकार हवा असं ज्या काळात मानलं जाई, त्या काळात गाडीचा नुसता सांगाडा दुकानात ठेवणं हे धाडसच होतं. आजही या छंदातले जाणते लोक त्या संचाचं नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे.

आता मोजमापाकडे. टेक्निकच्या दोन शेजारच्या भोकांच्या केंद्रांत ८ मिलिमीटर अंतर असतं. या अंतराला सोयीसाठी एक घर म्हणू. गिअरचे दाते असे पाडलेले असतात की दात्यांची संख्या हाच त्याच्या परिणामी व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा. ८ दात्यांचा गिअर ८ मिलिमीटरचा, २४ दात्यांचा २४ मिलिमीटरचा, ४० दात्यांचा ४० मिलिमीटरचा. दोन गिअर शेजारी लावायचे तर त्यांच्या दांड्यांमधलं अंतर म्हणजे दोन्ही व्यासांच्या बेरजेचं निम्मं. ८ आणि २४ मिळून ३२, निम्मे १६, म्हणजे बरोबर दोन घरं. ८ आणि ४०, तीन घरं. २४ आणि ४०, चार घरं. पण १६ आणि २४ लावायला जावं तर अंतर येतं २० मिलिमीटर, म्हणजे अडीच घरं, आणि अर्ध्या घरावर भोक नसतं. इथे नवखा माणूस दोन गिअर थोडे दूर किंवा थोडे चेपून बसवतो. दूरचे दाते जोर आला की कटकट करत सुटतात, चेपलेले जाम होतात. मुरलेला माणूस गिअरची जोडीच बदलतो, किंवा अर्धं घर सरकवून देणारा भाग शोधतो.

जुन्या ठोकळ्यांची उंची हा आणखी एक तिढा. भोकं आडवी मोजली तर ८ मिलिमीटरवर, पण ठोकळा उंचीला ९.६ मिलिमीटर. एकावर एक ठोकळे रचले की उभी पट्टी भोकांशी जुळेनाशी होते. तोडगा असा: दोन ठोकळ्यांच्या मधे ३.२ मिलिमीटरच्या दोन चपट्या तबकड्या घालायच्या. ९.६ अधिक ६.४ बरोबर १६, पुन्हा नेमकी दोन घरं. त्या काळच्या मॉडेलांत जागोजाग दिसणारी दोन तबकड्यांची जोडी शोभेसाठी नसून याच हिशेबासाठी असे. पुढे वरचे खुंट नसलेल्या गुळगुळीत पट्ट्या आल्या, त्यांना तिन्ही दिशांना आठाचाच हिशेब, आणि हा पेच संपला. या पट्ट्या बहुतेक विषम भोकांच्या असतात, ५, ७, ९, ११, १३, १५. त्यामुळे मधोमध नेहमी एक भोक मिळतं, आणि गाडीच्या मध्यरेषेवरून जाणारा प्रोपेलर शाफ्ट बिनबोभाट बसतो.

एखादा खरा ट्रक करायचा ठरला की पहिला प्रश्न चाकाचा. ठोकळे हवे तितके जोडता येतात, पट्ट्या हव्या तितक्या लांबवता येतात, पण टायर ठरावीक मापांतच मिळतात. मालवाहू ट्रकच्या टायरचा व्यास साधारण एक मीटर धरला आणि मॉडेलसाठी ६२ मिलिमीटरचा टायर घेतला, तर प्रमाण येतं १:१६. ट्रकची रुंदी अडीच मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १५६ मिलिमीटर, साडेएकोणीस घरं. वीस घेतली तर मध्यरेषा भोकांच्या मधे पडते, म्हणून एकोणीस. इथून पुढे दर घराचा हिशेब सुरू होतो. दोन्ही बाजूंचे टायर, मधे डिफरन्शियल, त्याला धरणारी चौकट, स्प्रिंगची जागा, स्टिअरिंगचा रॅक. कागदावर ऐसपैस वाटणारी एकोणीस घरं बघता बघता संपतात.

मग गाडीत मोटर बसते आणि खरी परीक्षा होते. दांडी प्लास्टिकची, लांब दांडीवर जोर आला की तिला पीळ बसतो. मोटर फिरते, चाक जागच्या जागी, आणि मधली दांडी दोरीसारखी वळत जाते. मग एकदम चाक सुटतं आणि गाडी उडी मारते. वेग कमी करून जोर वाढवायला हवा हे सगळ्यांना कळतं, म्हणून नवखे मोटरच्या तोंडाशीच गिअर लावून वेग उतरवतात. पण तिथे जोर वाढवला की तो वाढलेला जोर पुढच्या प्रत्येक दांडीला, प्रत्येक जोडाला सोसावा लागतो. तेच एकास तीनचं गिअर अगदी शेवटी, चाकाच्या हबपाशी लावलं, तर मधल्या शाफ्टवर एक तृतीयांशच जोर येतो. शाफ्ट तिप्पट वेगाने फिरतो, पण त्याला पीळ बसत नाही. मर्सिडीजच्या उनिमॉग ट्रकची पोर्टल अ‍ॅक्सल याच विचाराची. चाकापाशी गिअर असल्यामुळे आतले भाग हलके राहतात, आणि अ‍ॅक्सल चाकाच्या केंद्रापेक्षा वर चढल्यामुळे दगडधोंड्यांवरून जायला पोटाखाली जास्त जागा मिळते. लेगोने २०११ मध्ये उनिमॉगचं २,०४८ भागांचं मॉडेल काढलं तेव्हा त्यात पोर्टल अ‍ॅक्सल होतीच. ज्याची दांडी एकदा पिळवटली आहे त्याला ती अ‍ॅक्सल पाहताक्षणी समजते. या छंदाची थोरवी इथे आहे. ट्रकच्या इंजिनीअरला पोलादात ज्या कारणासाठी जे करावं लागलं, तेच कारण जेमतेम पाच मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमध्ये पुन्हा समोर येतं आणि उत्तरही बहुधा तेच निघतं.

मॉडेल मोठं केलं की सगळं सोपं होईल, हा समज खरा ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की वजन आठपटीच्या दिशेने धावतं, पण दांडीची जाडी तीच राहते. मोठ्या क्रेन आणि मोठे ट्रक बांधणाऱ्यांचा अर्धा वेळ सांगाडा वाकू नये याच्या काळजीत जातो. चार पट्ट्यांची आयताकृती चौकट कोपऱ्यात एकेका खुंटीने जोडली की ती डावी-उजवी कलते. एक तिरकी पट्टी मारली की ताठ उभी राहते. ती पट्टी भोकांत नेमकी बसवायला पायथागोरस मदतीला येतो: ७, ९ आणि ११ भोकांच्या पट्ट्या घेतल्या की त्यांत घरं होतात ६, ८ आणि १०, आणि अचूक काटकोन त्रिकोण तयार.

चौकोन कोलमडतो आणि त्रिकोण टिकतो, हा धडा भारतात एका ट्रक-इंजिनीअरने अगदी कवडीमोल सामानातून दिला. अरविंद गुप्ता पुण्याला टेल्कोत, म्हणजे ट्रकच्या कारखान्यात काम करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी काड्यांचं मेकॅनो तयार केलं. पुढे अनेक वर्षं त्यांनी पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात हेच काम केलं. रबराच्या लवचीक सांध्यांमुळे काड्यांचा चौकोन हाताने दाबला की आडवा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. महागडा संच परवडत नसलेल्या घरात चासीची पहिली शिकवण हवी असेल, तर ती इथून घ्यावी.

गिअरबॉक्सला या छंदात वेगळाच मान आहे. १९९४ च्या ‘सुपर कार’ने, क्रमांक ८८८०, त्याची पातळी एकदम वर नेली. व्ही-८ इंजिन, चार गती, चारही चाकांना जोर, चारही चाकं वळणारी आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. तिच्या गिअरबॉक्समध्ये गिअर सरकत नाहीत. सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण काही गिअर आपल्या दांडीवर सैल फिरत राहतात. दोन सैल गिअरच्या मधे एक खाचांची कडी असते, ती दांडीबरोबर फिरते. कडी डावीकडे सरकवली की डावा गिअर दांडीला जखडला जातो, उजवीकडे सरकवली की उजवा, मधे ठेवली की न्यूट्रल. रस्त्यावरच्या मोटारीचा लिव्हर ओढला की आत हेच घडतं. तिथे धातू आणि तेल असतं आणि वर झाकण असतं, एवढंच.

खोदकाम आणि उचल यंत्रांसाठी दुसरी ताकद लागते. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर चालतो. लेगोने १९८४ मध्ये त्या जागी हवा आणली: छोटा पंप, बारीक नळ्या, झडप आणि सिलिंडर. पंप दाबून हात उचलला की अंगावर शहारा यावा इतकं ते खऱ्या यंत्रासारखं वाटतं. पण हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. म्हणून हवेचा हात जरा उसळत वर जातो आणि अधल्यामधल्या उंचीवर नेमका थांबवणं जिकिरीचं होतं. २००८ मध्ये मळसूत्राच्या तत्त्वावर सरकणारा दांडा आला. तो सावकाश चालतो, पण जिथे थांबवला तिथे थांबतो आणि ओझ्याने मागे येत नाही. वर्म गिअरचंही असंच: वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही. क्रेनच्या विंचला वर्म का लावतात, हे हुकाला वजन टांगून मोटर बंद केली की लगेच दिसतं.

गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या संचांबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. २०१८ च्या बुगाटी शिरॉनच्या १:८ प्रमाणातल्या मॉडेलमध्ये ३,५९९ भाग आहेत, सोळा सिलिंडरचं इंजिन आहे, आठ गतींचा गिअरबॉक्स आहे. बांधताना तो गिअरबॉक्स पाहून थक्क व्हायला होतं. मग त्यावर सीट येतात, पत्र्यांसारखे निळे भाग येतात, आणि तो कायमचा झाकला जातो. सुरुवातीच्या पानावर एखादा गिअर एका घराने चुकला असेल तर ते शेकडो पायऱ्यांनंतर कळतं. गाडी कपाटात सुंदर दिसते, पण तिच्याशी खेळणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. शिकण्याच्या दृष्टीने ६०१ भागांची उघडी चासी या गाडीपेक्षा सरस आहे. भागांची संख्या ही मॉडेलच्या दर्जाची मोजपट्टी होऊ नये.

मात्र त्याच वर्षी त्याच गाडीचं जे पूर्णाकृती रूप चेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नोच्या कार्यशाळेत बांधलं गेलं, ते या भागांची सीमा कुठवर ताणता येते हे दाखवणारं होतं. दहा लाखांहून जास्त टेक्निक भाग, वजन दीड टन, २,३०४ छोट्या मोटारी आणि ४,०३२ गिअर. सगळं मिळून अंदाजे ५.३ अश्वशक्ती, खऱ्या शिरॉनची १,५००. बुगाटीचे चालक अँडी वॉलेस यांनी ती जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी मार्गावर ताशी २० किलोमीटरच्या पुढे नेली. इतक्या मोटारी लागल्या याचं कारण पुन्हा तेच. एका प्लास्टिकच्या दात्याला झेपेल तेवढाच जोर त्याच्यावर टाकायचा, म्हणून ओझं हजारो ठिकाणी वाटून द्यायचं.

बहुतेकांचं काम याहून फार लहान असतं आणि घरच्या टेबलावर होतं. जपानच्या योशिहितो इसोगावा यांची पुस्तकं अशा लोकांच्या कामाची, कारण त्यांत मजकूर जवळजवळ नाहीच. एकेक यंत्रणेची छायाचित्रं आहेत आणि ती पाहून हाताने जोडायची आहे. पोलंडच्या पावेल क्मिएच यांचं २०१२ चं मार्गदर्शक पुस्तक कारणं समजावून सांगतं: जोर, घर्षण, गिअरची गुणोत्तरं, सस्पेन्शनचे प्रकार. सुट्या भागांचा जुना बाजारही मोठा आहे. १९७७ मधला २४ दात्यांचा गिअर आजच्या गिअरशी जुळत असल्यामुळे वापरलेले भाग बिनधास्त घ्यावेत. फक्त दांड्या पिळलेल्या नाहीत ना, ते सपाट फरशीवर ठेवून पाहावं.

पडद्यावर आरेखन करण्याची सोयही जुनी आहे. ऑस्ट्रेलियातले जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये एलड्रॉ ही प्रणाली लिहिली आणि ती सर्वांना मोफत दिली. दोनच वर्षांनी ते वारले, पण त्यांनी आखलेल्या पद्धतीने आजही भागांची चित्रं साठवली जातात. पडद्यावर हवे तितके भाग मिळतात, हवे ते रंग मिळतात, चूक पुसता येते. पण पडद्यावरच्या दांडीला पीळ बसत नाही, गिअरमधला प्ले जाणवत नाही आणि तीन किलोच्या ट्रकखाली स्प्रिंग किती बसेल ते कळत नाही. म्हणून अनुभवी माणसं दोन्ही अ‍ॅक्सल आधी खऱ्या भागांनी जोडतात, त्यांवर बॅटऱ्यांचा डबा आणि हाताशी असेल ते वजन ठेवतात, उंबरठ्यावरून चार वेळा चढवून-उतरवून पाहतात, आणि तेवढं जमलं की मगच केबिन आणि हौदा पडद्यावर काढायला बसतात.